स्पेक्ट्रोग्राफच्या आतील चाकांचे पुनर्संरेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे कोणत्या उपकरणांना लागू पडतात?

मध्यम आकाराच्या दुर्बिणींवर रुळलेल्या ‘फॉस्क’ (फेंट ऑब्जेक्ट स्पेक्ट्रोग्राफ अँड कॅमेरा) घराण्यातील स्पेक्ट्रोग्राफना, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट पाडून तो नोंदवणाऱ्या उपकरणांना, ही उत्तरे लागू पडतात. अंधुक ज्योतींचे छायाचित्र आणि वर्णपट ही दोन्ही कामे एकाच उपकरणातून व्हावीत, या हेतूने युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीने १९८० च्या दशकात चिलीतील ला सिया येथील ३.६ मीटर दुर्बिणीसाठी ‘ई-फॉस्क’ तयार केले आणि त्याची मांडणी पुढे अनेकांनी स्वीकारली. ला पाल्मा बेटावरील नॉर्डिक दुर्बिणीचे ‘अल्फॉस्क’, लडाखमधील हानले येथील २ मीटर हिमालयीन चंद्र दुर्बिणीचे ‘एच-फॉस्क’ आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवली वेधशाळेतील ‘आय-फॉस्क’ ही सर्व त्याच घराण्यातील उपकरणे होत. गिरवलीची वेधशाळा पुणे–नाशिक महामार्गापासून थोडी आत, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि तेथील २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली राष्ट्राला अर्पण झाली.

खालील आकडेमोड गिरवलीच्या दुर्बिणीसारखी प्रकाशीय रचना गृहीत धरून केली आहे: २ मीटर आरसा, एफ/१० नाभीय गुणोत्तर, उपकरणाच्या आत ते एफ/४.५ पर्यंत कमी केलेले आणि १३.५ मायक्रॉन पिक्सेलचा २०४८ × २०४८ सीसीडी, म्हणजे प्रतिमा टिपणारी चिप. चाकाची त्रिज्या मात्र उदाहरणापुरती १०० मिलिमीटर धरली आहे. आपल्या उपकरणाची खरी त्रिज्या त्याच्या आराखड्यातून घ्यावी.

आत कोणती चाके असतात आणि ती कशासाठी?

साधारणपणे तीन. दुर्बिणीची प्रतिमा जेथे तयार होते त्या नाभीय प्रतलात पहिले चाक असते. त्यावर वेगवेगळ्या रुंदीच्या स्लिट, म्हणजे अरुंद फटी, एखादे सूक्ष्म छिद्र आणि छायाचित्रणासाठी एक पूर्ण मोकळी जागा असते. त्यानंतर कॉलिमेटर प्रकाश समांतर करतो, आणि त्या समांतर झोतात फिल्टरचे चाक व ग्रिझमचे चाक बसवलेले असते. ग्रिझम म्हणजे लोलकाच्या एका पृष्ठावर बसवलेली विवर्तन जाळी. लोलक आणि जाळी यांची वळणे एका ठरावीक तरंगलांबीला परस्परांना रद्द करतात, त्यामुळे त्या तरंगलांबीचा प्रकाश सरळ जातो आणि कॅमेरा न हलवता वर्णपट सीसीडीवर मधोमध पडतो. तिन्ही चाकांच्या मोकळ्या जागा समोर आणल्या की हेच उपकरण साधा कॅमेरा बनते.

चाक किंचित चुकीच्या जागी थांबले तर एवढे काय बिघडते?

किती बिघडते हे चाक प्रकाशाच्या वाटेवर कोठे आहे यावर अवलंबून आहे.

स्लिटचे चाक नाभीय प्रतलात असल्यामुळे तेथे झालेले सरकणे जसेच्या तसे प्रतिमेत उतरते. २ मीटर, एफ/१० दुर्बिणीची नाभीय लांबी २० मीटर असते आणि तेथे आकाशातील एक विकला, म्हणजे एक आर्कसेकंद, सुमारे ९७ मायक्रॉन जागा व्यापते. १०० मिलिमीटर त्रिज्येचे चाक एका कलेने, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाने चुकले, तर त्याच्या कडेजवळची स्लिट सुमारे २९ मायक्रॉन सरकते. आकाशाच्या मापात हे ०.३ विकला झाले. सीसीडीपर्यंत पोहोचताना ही लांबी ०.४५ पट होते आणि १३ मायक्रॉन, म्हणजे जवळपास नेमका एक पिक्सेल उरते. एक कला चूक म्हणजे एक पिक्सेल, हे समीकरण या त्रिज्येपुरते लक्षात ठेवण्यास सोयीचे आहे.

हा एक पिक्सेल कोणत्या दिशेने सरकला हेही पाहावे लागते. स्लिट चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने बसवलेली असेल, तर ती आडवी सरकते आणि संपूर्ण वर्णपट तरंगलांबीच्या दिशेने ढळतो. ग्रिझम वर्णपट प्रति पिक्सेल ०.२५ नॅनोमीटर या मापाने पसरवत असेल, तर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर रेषेजवळ एका पिक्सेलची चूक सेकंदाला सुमारे ११४ किलोमीटरचा खोटा वेग दाखवते, कारण रेषा किती सरकली यावरूनच वेग काढतात. दीर्घिकांच्या ताम्रसृतीच्या, म्हणजे त्यांच्या रेषा लाल बाजूला किती सरकल्या हे मोजण्याच्या, कामात हे एक वेळ चालून जाईल, पण जोडताऱ्यांच्या कक्षा काढणाऱ्याला चालणार नाही. उलट स्लिट स्पर्शिकेच्या दिशेने बसवलेली असेल, तर ती स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरकते. तरंगलांबीवर फारसा परिणाम होत नाही, पण तारा सीसीडीच्या ज्या ओळीवर अपेक्षित होता तेथे सापडत नाही.

ग्रिझमच्या चाकाचे गणित निराळे आहे. समांतर झोतात एखादा घटक आडवा सरकला तरी प्रतिमा हलत नाही, कारण तेथे किरणाचे स्थान नव्हे तर त्याचा कोन प्रतिमेची जागा ठरवतो. म्हणून ग्रिझम अर्धा मिलिमीटर बाजूला थांबले तर फार तर झोताची कड थोडी कापली जाते. परंतु चाक फिरले की ग्रिझमही तेवढ्याच कोनातून फिरते, त्याबरोबर वर्णपट पसरण्याची दिशा फिरते आणि वर्णपट सीसीडीवर तिरपा पडतो. एक कला चूक असेल तर २०४८ पिक्सेलच्या लांबीत हा तिरपेपणा जेमतेम ०.६ पिक्सेल भरतो. दहा कला चूक असेल तर तो सहा पिक्सेल होतो आणि मग नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

आणि फिल्टरचे चाक?

तीन चाकांत सर्वांत सहनशील हेच. व्यतिकरण फिल्टरमध्ये कोन बदलल्याने पारित पट्टा, म्हणजे आरपार जाणाऱ्या तरंगलांबींचा पट्टा, निळ्या बाजूला सरकतो, पण चाक आपल्या अक्षाभोवती फिरल्याने फिल्टरचा झोताशी असलेला कोन बदलत नाही. त्यामुळे फिल्टर झोत पूर्ण झाकतो की नाही एवढे पाहिले की बहुधा काम होते.

चाक नेमक्या जागी थांबते कसे?

बहुतेक उपकरणांत स्टेपर मोटर असते. सामान्य स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसवले तर एका पावलात १०८ कला निघून जातील. एका कलेची अचूकता हवी असेल तर मधे १०८ पट वेग कमी करणारी दंतचक्रांची रचना लागते. जपमाळेमुळे हा आकडा विसरला जाण्याची शक्यता कमी आहे. त्याशिवाय चाकावर एक ‘होम’ खूण असते, जी सूक्ष्म स्विच, चुंबकीय संवेदक किंवा प्रकाशीय संवेदक ओळखतो, आणि प्रत्येक स्थान त्या खुणेपासून अमुक पावलांवर अशा रीतीने नियंत्रण संगणकाच्या तक्त्यात नोंदवलेले असते.

काही चाकांच्या कडेला प्रत्येक स्थानासाठी इंग्रजी व्ही आकाराची खाच असते आणि स्प्रिंगने दाबलेला छोटा रोलर तिच्यात बसतो. मोटरने चाक खाचेजवळ आणून सोडायचे आणि शेवटची जागा रोलरने ठरवायची, अशी ही विभागणी आहे. तिची पुनरावृत्ती उत्तम असते. मात्र खाचेत बसल्यावर मोटरचा पुरवठा बंद होणे आवश्यक असते, नाहीतर मोटर आणि रोलर एकमेकांशी भांडत राहतात आणि मोटरची उष्णता उपकरणात साठते. आपल्या उपकरणात शेवटचा शब्द रोलरचा आहे की मोटरचा, हे कोणताही स्क्रू सैल करण्यापूर्वी माहीत असले पाहिजे, कारण पुढील प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो.

वर्णपट सरकला म्हणजे चाकच बिघडले असे समजावे का?

नाही, बहुतेक तक्रारींची छाननी येथेच संपते. कॅसेग्रेन नाभीवरील उपकरण दुर्बिणीच्या मुख्य आरशामागे लटकलेले असते आणि दुर्बीण जशी कलते तसे तेही कलते. गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलली की सांगाडा सूक्ष्म प्रमाणात वाकतो आणि चाके अगदी जागच्या जागी असतानाही वर्णपट सरकतो. या वाकण्याला चाकाची चूक समजून कोणी चाक ‘दुरुस्त’ केले, तर एका दिशेला चूक नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिशेला दुप्पट होते.

दोहोंतील फरक ओळखण्याची चाचणी सोपी आहे, वेळ मात्र खाते. दुर्बीण शिरोबिंदूकडे रोखून स्थिर करावी, तुलनेचा दिवा, म्हणजे ज्याच्या रेषांच्या तरंगलांबी आधीच माहीत आहेत असा दिवा, लावावा आणि कोणतेही चाक न हलवता दहा प्रतिमा घ्याव्यात. नंतर दुर्बीण तशीच ठेवून प्रत्येक प्रतिमेच्या आधी फक्त ग्रिझमचे चाक एक पूर्ण फेरा फिरवून परत आणावे आणि आणखी दहा प्रतिमा घ्याव्यात. तिसऱ्या मालिकेत तसेच फक्त स्लिटच्या चाकाबाबत करावे. शेवटी चाके न हलवता दुर्बीण पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशी कलती करून प्रतिमा घ्याव्यात. प्रत्येक प्रतिमेत निऑनच्या ५८५.२ आणि ६४०.२ नॅनोमीटरसारख्या ठळक, एकट्या उभ्या असलेल्या रेषांची जागा पिक्सेलच्या दशांशापर्यंत मोजावी.

पहिल्या मालिकेतील विखुरणे ही आपल्या मोजमापाची मर्यादा आहे. त्याहून लहान फरकाची चर्चा करण्यात अर्थ नाही. कलण्याबरोबर हळूहळू, सलगपणे बदलणारी आणि दुर्बीण परत आणल्यावर परतणारी चूक वाकण्याची असते. चाक हलवल्यावरच उद्भवणारी, उडी मारणारी चूक चाकाची. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि जुन्या उपकरणांत बहुधा असतातच. चाकाचे बेअरिंग झिजून सैल झाले असेल तर चाकच गुरुत्वाने डोलते आणि वाकण्याच्या वेषात समोर येते. अशा वेळी दुर्बिणीच्या एखाद्या ठरावीक झुकावापाशी वर्णपट एकदम उडी मारताना दिसतो. सांगाडा अशी उडी मारत नाही.

चूक चाकाची आहे हे सिद्ध झाले. आता पुनर्संरेखन करायचे ना?

अजून एक प्रश्न उरतो: चूक दरवेळी तेवढीच येते की बदलते? या लेखनात एकच गोष्ट ठासून सांगायची असेल, तर ती हीच आहे, कारण दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

चूक दरवेळी तेवढीच येत असेल, तर यंत्रणा निरोगी आहे आणि फक्त तिची शून्यखूण किंवा एखाद्या घटकाची बैठक ढळली आहे. हे संरेखनाचे काम होय. चूक दरवेळी बदलत असेल, तर कितीही काळजीपूर्वक संरेखन केले तरी पुढच्याच फेऱ्यात ते वाया जाते. तेथे मोटर पावले गमावते आहे, जोडणीचा बारीक स्क्रू दांड्यावर घसरतो आहे, स्प्रिंग मरगळली आहे, रोलर झिजला आहे किंवा होम संवेदक डळमळीत आहे, यांपैकी काहीतरी घडते आहे. ती दुरुस्तीची बाब आहे आणि ती आधी झाली पाहिजे. अस्थिर चाकाचे संरेखन करत बसणे हा या कामातील सर्वांत मोठा कालापव्यय आहे.

बदलणाऱ्या चुकीचेही नमुने असतात. प्रत्येक फेऱ्यागणिक चूक एकाच दिशेने वाढत जाऊन होम केल्यावर, म्हणजे चाक होम खुणेवर परत नेल्यावर, शून्य होत असेल, तर पावले गमावली जात आहेत. चूक दोनच मूल्यांमध्ये इकडून तिकडे जात असेल, तर चाक कोणत्या दिशेने आले हे तपासावे; बहुधा दंतचक्रांतील मोकळा खेळ, म्हणजे बॅकलॅश, कारणीभूत असतो. होम केल्यानंतरच चूक बदलत असेल, तर संवेदकावर किंवा त्याच्या तारेवर संशय घ्यावा.

बॅकलॅश कसा काढायचा?

तो काढायचा नसतो, निरुपद्रवी करायचा असतो. चाक नेहमी एकाच दिशेने अंतिम जागेवर यावे अशी आज्ञावली लिहावी: उलट दिशेने यायचे झाल्यास जागा ओलांडून थोडे पुढे जावे आणि मग ठरलेल्या दिशेने परतावे. दाते अधिक घट्ट बसवून खेळ नाहीसा करण्याचा मोह टाळावा, कारण थंडीत धातू आकुंचन पावल्यावर असे दाते अडकतात आणि मग पावले गमावण्याचा नवा आजार सुरू होतो.

सगळे सॉफ्टवेअरने सुधारता येत नाही का? उपकरण उघडायचेच कशाला?

पुष्कळसे सुधारता येते, आणि शक्य असेल तेथे तसेच करावे. स्थिर चूक ही बऱ्याचदा तक्त्यातील पावलांची संख्या बदलून नाहीशी होते आणि त्यासाठी एकही स्क्रू फिरवावा लागत नाही. काही ठिकाणी तर अस्थिर चूकही मोजून सुधारतात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निअरस्पेक या स्पेक्ट्रोग्राफमध्ये जाळ्यांचे चाक दरवेळी अगदी त्याच जागी थांबत नाही, हे रचनेतच गृहीत धरले आहे. चाकाची प्रत्यक्ष बैठक सांगणारे चुंबकीय संवेदक बसवलेले आहेत आणि त्यांच्या वाचनावरून प्रत्येक निरीक्षणाची तरंगलांबी सुधारली जाते. तेथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही, हे त्यामागचे उघड कारण आहे. त्याच दुर्बिणीच्या मिरी या उपकरणातील एका जाळीच्या चाकात २४ ऑगस्ट २०२२ रोजी वाढलेले घर्षण आढळले, तेव्हाही चाक कसे आणि किती वापरावे याचे नियम बदलूनच तो निरीक्षणप्रकार नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू करण्यात आला.

जमिनीवरच्या दुर्बिणीलाही यातून शिकता येते, पण दोन गोष्टी सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेर राहतात. स्लिट सरकल्यामुळे ताऱ्याचा जो प्रकाश आत आलाच नाही तो गणिताने परत येत नाही. आणि वर्णपट फार तिरपा असेल तर तो सरळ करताना पिक्सेलांची पुनर्मांडणी करावी लागते, ज्यामुळे शेजारच्या पिक्सेलांतील कोलाहल एकमेकांत मिसळतो.

उपकरण उघडण्यापूर्वी काय तयारी करावी?

सद्यस्थितीची नोंद हीच खरी तयारी. प्रत्येक स्लिट आणि प्रत्येक ग्रिझम यांच्या सर्व वापरातील जोड्यांच्या दिव्याच्या प्रतिमा, ग्रिझमविना स्लिटच्या प्रतिमा आणि सध्याचा स्थानांचा तक्ता यांची प्रत उपकरणाच्या संगणकाबाहेर ठेवावी. ज्या स्क्रूंना हात लावला जाईल त्यांच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर एकसंध रेघ ओढून छायाचित्र घ्यावे. दुर्बीण शिरोबिंदूकडे रोखून यांत्रिकरीत्या कुलूपबंद करावी, कारण उपकरणातून काही किलोंचा भाग काढला तरी तोल बदलतो.

द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवलेला सीसीडीचा कुंभ शक्यतो काढू नये. त्यामागे केवळ थंडीचा प्रश्न नाही. संपूर्ण संरेखनाचा संदर्भ सीसीडीच्या ओळी आणि स्तंभ हा आहे, आणि कुंभ काढून परत बसवला की तो संदर्भच थोडा फिरतो. काही कारणाने कुंभ निघालाच, तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागेल हे मान्य करूनच पुढे जावे.

प्रत्यक्ष संरेखन कोणत्या क्रमाने करावे?

सीसीडी, मग ग्रिझम, मग स्लिट. प्रकाश ज्या क्रमाने उपकरणातून जातो त्याच्या उलट हा क्रम आहे आणि त्यामुळे अनेकांना तो खटकतो. पण सीसीडी स्थिर आहे, ग्रिझमने सीसीडीशी जुळवून घ्यायचे आहे, आणि स्लिटने त्या दोघांशी. आधी स्लिट सरळ करून मग ग्रिझम फिरवले, तर रेषा सरळ दिसतील पण वर्णपट तिरपा राहील.

ग्रिझमसाठी पहिल्या चाकावरील सूक्ष्म छिद्र समोर आणावे आणि सलग वर्णपट देणारा टंगस्टनचा दिवा लावावा. सीसीडीवर एक बारीक पट्टा दिसेल. त्याच्या दोन्ही टोकांची ओळ मोजावी. टोकांमधील फरक भागिले पट्ट्याची लांबी म्हणजे ग्रिझमने फिरायला हवा तो कोन. आता एकाच ग्रिझमवर थांबू नये. चाकावरील सर्व ग्रिझमचे कोन काढून शेजारी शेजारी मांडावेत. ते सर्व एकाच दिशेने आणि एकाच मापाने चुकले असतील, तर ग्रिझम निर्दोष आहेत आणि चाकाची होम खूण किंवा रोलरची बैठक ढळली आहे. एकाच ठिकाणी केलेली सुधारणा सर्वांना पुरेल. एकच ग्रिझम चुकले असेल, तर त्याचे कोंदण सैल झाले आहे आणि चाकाला हात लावण्याचे कारण नाही. प्रत्येकाची चूक वेगळी असेल, तर पूर्वी कोणीतरी एकेक ग्रिझम सुटे हाताळले आहे असे समजावे आणि प्रत्येकाचे कोंदण स्वतंत्रपणे फिरवावे. ही तुलना न करता पहिल्याच ग्रिझमचे कोंदण फिरवणारा माणूस चाकाची चूक ग्रिझममध्ये लपवतो, आणि पुढे ती शोधणाऱ्याचे हाल होतात.

कोंदण फिरवताना त्याचे तिन्ही स्क्रू पूर्ण सैल करू नयेत. कोंदण बोटाने हलेल इतपत ते ढिले करून कोंदण ढकलावे, मग स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करावेत आणि पूर्ण घट्ट झाल्यावरच पुन्हा मोजावे, कारण घट्ट करतानाच कोंदण काही कला फिरते. येथे घाई करून चालत नाही.

ग्रिझम जुळल्यावर ग्रिझमच्या चाकाची मोकळी जागा समोर आणून स्लिटची थेट प्रतिमा घ्यावी आणि ती सीसीडीच्या दुसऱ्या अक्षाला समांतर करावी. येथेही सर्व स्लिटची तुलना आधी, स्क्रू नंतर. शेवटी ग्रिझम आणि स्लिट दोन्ही आत ठेवून तुलनेच्या दिव्याच्या रेषा पाहाव्यात. त्या थोड्या वक्र दिसतील. स्लिटच्या टोकाकडून येणारे किरण जाळीवर तिरपे पडत असल्यामुळे ही वक्रता येते. ती संरेखनाची चूक नव्हे आणि स्लिट फिरवून ती जात नाही. रेषेचा मध्यभाग स्तंभाला समांतर आहे की नाही एवढेच पाहावे.

एक कलेहून अधिक अचूकतेसाठी प्रयत्न करावा का?

पहिल्या मालिकेत मोजलेल्या मर्यादेच्या आणि वाकण्यामुळे येणाऱ्या चुकीच्या खाली जाण्यात हाशील नाही. दुर्बीण कलल्यावर वर्णपट एक पिक्सेल सरकतच असेल, तर शिरोबिंदूवर पिक्सेलच्या विसाव्या भागापर्यंत जुळवलेली स्लिट हे केवळ कौशल्याचे प्रदर्शन ठरते.

ग्रिझम बाहेर काढलेच आहे, तर पुसून घ्यावे का?

अजिबात नाही. जाळीचे पृष्ठ बहुधा राळेच्या पातळ थरावर उमटवलेले असते आणि कापूस, मऊ कापड, द्रावक यांपैकी कशाचाही स्पर्श ते कायमचे खराब करू शकतो. हातपंपाने कोरडी हवा मारून निघेल तेवढी धूळ काढावी. उरलेली राहू द्यावी. समांतर झोतातील धुळीचा कण प्रतिमेत ठिपका म्हणून दिसत नाही, तो थोडासा प्रकाश विखुरतो इतकेच. बोटाचा ठसा त्याहून पुष्कळ अधिक नुकसान करतो, म्हणून हातमोज्यांशिवाय कोंदणाच्या धातूलाही हात लावू नये.

वंगण किती आणि कोणते?

निर्मात्याने सांगितलेले, आणि वाटते त्याहून कमी. जास्तीचे वंगण उडते, सरकते आणि भिंगांवर धुरकट थर बसवते. जागेनुसार अडचणी बदलतात. हानले समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर असून हिवाळ्यातील रात्री तेथे तापमान उणे २० अंशांच्याही खाली जाते. खोलीच्या तापमानाला सहज फिरणारे चाक तेथे वंगण घट्ट झाल्यामुळे पावले गमावू शकते. सह्याद्रीच्या कुशीतील वेधशाळेत त्रास दमटपणाचा. पावसाळ्यात निरीक्षणे थांबतात, चाके अनेक आठवडे एकाच जागी उभी राहतात, स्प्रिंगवर आणि बेअरिंगवर गंज धरतो आणि संवेदकाच्या जोडण्या खराब होतात. म्हणून बंद काळातही उपकरणात कोरडी हवा खेळती ठेवणे आणि ठरावीक दिवसांनी सर्व चाके पूर्ण फिरवणे हे दसऱ्यानंतरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

काम पूर्ण झाले हे कशावरून समजावे?

झाकण लावल्यावर वरील चारही मालिका पुन्हा घ्याव्यात. उघड्या उपकरणावर मिळालेले आकडे ग्राह्य धरू नयेत, कारण झाकणही सांगाड्याच्या ताठपणाचा भाग असते. नंतर आकाशाची पाळी येते. ज्ञात तेजस्वितेचा प्रमाण तारा रुंद आणि अरुंद स्लिटमधून पाहून आत येणाऱ्या प्रकाशाचे गुणोत्तर त्या रात्रीच्या दृश्यतेशी, म्हणजे वातावरणामुळे ताऱ्याची प्रतिमा किती पसरते आहे त्याच्याशी, जुळते का ते तपासावे. अपेक्षेपेक्षा बराच कमी प्रकाश येत असेल, तर स्लिटची नोंदवलेली जागा चुकलेली आहे. कोणत्याही लांब निरीक्षणात रात्रीच्या आकाशातील ऑक्सिजनच्या ५५७.७ आणि ६३०.० नॅनोमीटरच्या रेषा आपोआप येतात, आणि दिव्यावरून काढलेली तरंगलांबी त्यांच्याशी जुळली तर दिवा व आकाश एकाच वाटेने येत आहेत अशी खात्री पटते.

संरेखनापूर्वीच्या निरीक्षणांचे काय?

ती वाया जात नाहीत. त्यांच्यासाठी त्याच काळातील दिव्याच्या आणि सपाट प्रकाशाच्या, म्हणजे पिक्सेलांची संवेदनशीलता तपासण्यासाठी एकसारख्या प्रकाशात घेतलेल्या, प्रतिमा वापराव्यात. नव्या प्रतिमा जुन्या निरीक्षणांना लावू नयेत. त्यासाठी स्थानांच्या तक्त्याला आवृत्ती क्रमांक द्यावा आणि तो प्रत्येक फिट्स फाइलच्या, म्हणजे खगोलीय प्रतिमा साठवणाऱ्या फाइलच्या, शीर्षकात आपोआप नोंदला जाईल अशी व्यवस्था करावी. दहा वर्षांनी संग्रहातून वर्णपट काढणाऱ्या विद्यार्थ्याला उपकरण केव्हा उघडले होते हे विचारण्यासाठी कोणी भेटेलच असे नाही.

निरीक्षण चालू असताना मध्यरात्री चाक चुकल्याचे लक्षात आले तर?

झाकणाला हात लावू नये. संबंधित चाक एकदा होम करून पुन्हा जागेवर आणावे आणि दुर्बीण त्याच ताऱ्यावर असताना दिव्याची एक प्रतिमा घ्यावी. वर्णपट नेहमीच्या जागेपासून दूर असला तरी स्थिर असेल, तर उरलेली रात्र ते चाक न हलवता काढावी: एकच ग्रिझम, एकच स्लिट, आणि प्रत्येक ताऱ्याच्या आधी व नंतर दिवा. ताऱ्यांची यादी त्याप्रमाणे बदलावी. चाक होम होतच नसेल, तर मोटर वारंवार ढकलत राहू नये. ते ज्या स्थानावर अडकले आहे त्याच स्थानावर काय पाहता येईल याचा विचार करावा. ग्रिझमचे चाक मोकळ्या जागेवर अडकले असेल तर उरलेली रात्र छायाचित्रणाची होते, आणि प्रमाण ताऱ्यांची प्रकाशमापने बहुधा कोणाला ना कोणाला हवीच असतात. दोन्ही प्रसंगी वेळ, दुर्बिणीची दिशा, घुमटातील तापमान आणि चाकाला दिलेली शेवटची आज्ञा नोंदवहीत लिहावी, कारण सकाळी येणाऱ्या अभियंत्याला त्या चार नोंदींवरूनच सुरुवात करायची असते.